दहा टक्के सावली: अल्बर्टातल्या एका तोडीचं आणि तिथल्या शेवाळाचं प्रकरण

१९९८-९९ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, पीस रिव्हर गावापासून वायव्येला साधारण नव्वद किलोमीटरवर, क्लिअर हिल्स नावाच्या उंचवट्यावर लाकूडतोड झाली. तोडीत नवल काही नव्हतं, तो मुलूखच लाकडाचा. नवल होतं ते नकाशात. जंगलाचे सुमारे दहा-दहा हेक्टरांचे तुकडे पाडले होते. आपल्या वनखात्याच्या भाषेत त्यांना कूप म्हणू. प्रत्येक कुपाला वेगळा हुकूम होता. इथे जवळजवळ सगळं तोडा. इथे शंभरातली दहा झाडं राखा, इथे वीस, इथे पन्नास, इथे पंचाहत्तर. आणि इथे पातंसुद्धा टेकवू नका. पानझडी, मिश्र, सूचिपर्णी अशा वेगवेगळ्या जंगलांत हेच हुकूम पुन्हा पुन्हा, मिळून शंभरेक कूप.

हा ईमेंड प्रयोग. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचा अर्थ एवढाच, की जंगलात आपसूक होणाऱ्या उलथापालथीची नक्कल करत वनव्यवस्थापन करायचं. उत्तरेकडच्या या जंगलांत उलथापालथ म्हणजे मुख्यतः वणवा. वणवा कधीच सगळं सफाचट करत नाही, मधे मधे हिरवे ठिपके सोडतो. मग तोड करणाऱ्यानेही तसंच थोडं मागे ठेवलं तर? आणि ठेवायचं तर किती? अल्बर्टा विद्यापीठ, कॅनडाची वनसेवा आणि कॅनफोर, दाइशोवा-मारुबेनी यांसारख्या लाकूड कंपन्या असे एरवी एका ताटात न जेवणारे लोक या प्रश्नावर एकत्र आले. पुढाकार होता जॉन स्पेन्स आणि जॅन व्हॉल्नी यांचा. दोघेही कीटकांचे अभ्यासक. प्रयोगाची मुदत झाडांच्या एका फेऱ्याइतकी, म्हणजे ८० ते १०० वर्षं. सुरू करणाऱ्यातला कुणीच शेवट बघायला नसणार, हे धरूनच केलेली आखणी.

मला या प्रयोगातल्या झाडांपेक्षा त्यांच्या पायाशी असलेल्या गोष्टीत जास्त रस आहे. प्रयोगाने विचारलं होतं ‘किती झाडं?’ शेवाळाने उत्तर भलतंच दिलं: ‘कुठे, कशाखाली आणि कशावर, ते आधी सांगा.’

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. फरशीवर पाय घसरतो ते शेवाळ, विहिरीत तरंगतं ते शेवाळ आणि जुलैत कंपाउंडच्या भिंतीवर मखमल चढते तेही शेवाळच. पैकी पहिली दोन बहुधा शैवालं. भिंतीवरची मखमल म्हणजे मॉस, पाठ्यपुस्तकातली हरिता. तिच्याच गोतावळ्यातल्या, बहुतेकदा आणखी नाजूक अशा वनस्पती म्हणजे यकृतका, लिव्हरवर्ट. बी.एस्सी.ला फ्युनारिया आणि रिक्सियाच्या आकृत्या ज्यांनी शेड करत काढल्यात त्यांना हे नवीन नाही. पुढे मी शेवाळ म्हणेन ते या दोघांना मिळून.

गालिचा

क्लिअर हिल्सच्या पांढऱ्या स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या सदाहरित झाडाच्या, जुन्या जंगलात जमीन म्हणून जी दिसते ती जमीन नसते. घोट्यापर्यंत पाय रुतेल असा हिरवा-पिवळसर गालिचा असतो आणि तो विणलाय मुख्यतः तीन जातींनी: हायलोकोमियम स्प्लेंडेन्स, प्लुरोझियम श्रेबेरी आणि पिसासारखा टिलियम क्रिस्टा-कास्ट्रेन्सिस. या तिघांना तिकडे पिसशेवाळं म्हणतात. अलास्कापासून सैबेरियापर्यंत कुठल्याही स्प्रूसच्या जंगलात गेलात तरी पायाखाली बहुधा हीच मंडळी.

यांतलं हायलोकोमियम जवळून बघण्यासारखं आहे. त्याची एक काडी गालिच्यातून अलगद उपसली, तर ती जिन्यासारखी दिसते. दरवर्षी गेल्या वर्षीच्या पिसाच्या पाठीवरून, साधारण मधूनच, एक नवा कोंब उगवतो. तो कमानीसारखा वळतो आणि पसरून नवं पीस होतो. पुढच्या वर्षी त्याच्या पाठीवर आणखी एक. सगळ्यात वरची पायरी पोपटी, खालची गडद हिरवी, मग तपकिरी आणि त्याखाली कुजून चुरा. झाडाच्या बुंध्यावर वलयं मोजतात तशा इथे पायऱ्या मोजायच्या. ओलसर सावलीतल्या वर्षाची पायरी रुंद आणि भरगच्च येते. हाल झालेल्या वर्षाची बारकी, दोन-चार फांद्यांची. जंगल कुणी आणि कधी तोडलं याची नोंद कचेरीत सापडली नाही, तरी या काडीत ती सापडू शकते. नॉर्वे-स्वीडनच्या संशोधकांनी या पायऱ्यांवरून शेवाळाच्या वाढीचे, जन्म-मृत्यूचे हिशेब मांडलेत, एखाद्या गावाची खानेसुमारी करावी तसे.

हा गालिचा नुसता शोभेचा नाही. प्लुरोझियमच्या पानांच्या खोबणींत नॉस्टॉक नावाचे नील-हरित जीवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन पकडतात. २००२ मध्ये डीलुका, झॅक्रिसन आणि सहकाऱ्यांनी उत्तर स्कँडिनेव्हियातल्या जंगलांसाठी आकडा दिला: हेक्टरी, वर्षाला दीड ते दोन किलो नायट्रोजन. आपल्या शेतकऱ्याला हा आकडा हास्यास्पद वाटेल, युरियाचं एक पोतं त्याहून कितीतरी जास्त देतं. पण या थंड, उपाशी मातीला बाहेरून दुसरं फारसं कुणी काही देत नाही. शतकभर दरसाल दोन किलो म्हणजे तिथली मोठी बिदागी. शिवाय गालिचा मातीला थंड ठेवतो आणि पावसाचं पाणी आधी स्वतः पितो.

आता एक गोष्ट, जी हिरवाई म्हणजे पाऊस असं समीकरण डोक्यात असलेल्या आपल्या वाचकाला खटकेल. या भागात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. सोलापुरात याहून जास्त पडतं. मग एवढं शेवाळ कसं? उत्तर आकाशात नाही, छपरात आहे. थंडी आणि स्प्रूसची दाट सावली यांमुळे पडलेलं थोडकं पाणी उडून जात नाही. पाण्याची आवक तुटपुंजी, पण गळती त्याहून कमी, यावर सगळा संसार. छप्पर काढलं की काय होणार, याचा अंदाज इथेच यायला लागतो.

शटर उघडायचं आणि लगेच ओढायचं

शेवाळाला मुळं नसतात. पान बहुधा एका पेशीच्या जाडीचं, त्यावर मेणाचा लेपही नावापुरता. भोवतालची हवा ओली तर ते ओलं, हवा कोरडी तर तेही कोरडं. वाळलं म्हणजे मेलं नाही. आपल्या भिंतीवरचं शेवाळ मार्चमध्ये काळंकरडं चुरा होतं आणि जूनच्या पहिल्या सरीत तासाभरात पुन्हा हिरवं दिसायला लागतं. मग उन्हाला घाबरायचं कारण काय?

कारण हिशेबात आहे. वाळलेलं शेवाळ भिजलं की लगेच कमाई सुरू होत नाही. आधी फाटलेली पेशीपटलं शिवायची, यंत्रणा सुरू करायची. त्या काळात नुसता खर्च, श्वसनात साठवण जळते. पुरेसा वेळ ओलं राहिलं तर प्रकाशसंश्लेषणातून तो खर्च भरून निघतो आणि वर काही उरतं. लवकर वाळलं तर तोटा. समजा एखाद्याने रोज दुकान उघडायचं, झाडलोट करायची, दिवाबत्ती लावायची आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत शटर ओढायचं. असं महिनाभर चाललं तर दुकान चोरीमारी न होताही बुडतं. सावलीतलं शेवाळ सकाळच्या दवावर अर्धा दिवस दुकान चालवतं. उघड्यावरचं दहा वाजायच्या आत शटर ओढतं. जूनमध्ये या अक्षांशावर दिवस जवळपास अठरा तासांचा, म्हणजे वाळायला वेळच वेळ.

म्हणून ‘शेवाळ वाळवण सहन करतं’ आणि ‘शेवाळ तोडीत मरतं’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. तोडीनंतर महिन्याभराने गेलात तर गालिचा जागेवर असतो, थोडा पिवळा पडलेला. तो मोडायला काही हंगाम लागतात.

पाच मीटर, पंधरा मीटर

तोड कशी केली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुपात आधी पाच मीटर रुंदीच्या यंत्रवाटा पाडल्या, उत्तर-दक्षिण. दोन वाटांच्या मधे पंधरा मीटरचा पट्टा राखलेला. वीसातले पाच मीटर गेले, म्हणजे नुसत्या वाटा पाडल्या की पंचाहत्तर टक्के जंगल उरलं. तो झाला पंचाहत्तरचा कूप. पन्नासच्या कुपात मधल्या पट्ट्यातून दर तीनांतलं एक झाड काढायचं. वीस आणि दहाच्या कुपांत आणखी. यंत्रं वाटेवरूनच चालली, हात लांब करून पट्ट्यातली झाडं उचलत. शिवाय तोडलेल्या कुपांत लंबवर्तुळाकार दोन बेटं अजिबात न छेडता ठेवली: एक ०.२० हेक्टरचं आणि एक ०.४६. आपल्या मापात एक वीस गुंठ्यांचं, म्हणजे अर्ध्या एकराचं, दुसरं सव्वा एकराच्या थोडं आत.

वाटा उत्तर-दक्षिण ठेवल्या त्या पश्चिमेच्या वाऱ्याला आडव्या याव्यात म्हणून. राखलेली झाडं आडवी होऊ नयेत हा हेतू, आणि तो रास्तच. पण भूमितीचा साधा विचार केला तर एक गंमत दिसते. दुपारचा सूर्य दक्षिणेला, वाट दक्षिणोत्तर, म्हणजे दिवसाचं सगळ्यात कडक ऊन थेट वाटेच्या लांबीने उतरणार. दोन्ही बाजूंची झाडं तेव्हा उपयोगाची नाहीत, त्यांची सावली सकाळ-संध्याकाळची. झाडांना सोयीची आखणी आणि शेवाळाला सोयीची आखणी एकच असेल असं नाही. हे माझं गणित आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.

तोड हिवाळ्यात झाली हे मात्र शेवाळाच्या पथ्यावर पडलं. जमीन गोठलेली, वर बर्फ. उन्हाळ्यात हीच अवजड यंत्रं फिरली असती तर वाटेवरचा गालिचा चिखलात कालवला गेला असता.

काय झालं

शेवाळाचं काम पुढे एलेन मॅकडोनाल्ड यांच्या वनस्पती-गटाकडून झालं. रिचर्ड केनर्स आणि रेने बेलँड यांच्यासोबत पहिल्या दशकात, आणि सॅम्युएल बार्टेल्स यांच्यासोबत तोडीला दीड दशक उलटल्यावर. गुडघ्यांवर बसून, भिंग लावून, बोटभर जागेत चार-पाच जाती वेगळ्या करायच्या. लिहायला सोपं, डासांच्या त्या मुलखात करायला नाही.

ढोबळ चित्र अपेक्षेप्रमाणेच निघालं. स्प्रूसच्या आणि मिश्र जंगलांत जितकी झाडं जास्त राखली तितकं शेवाळ न तोडलेल्या जंगलाच्या जवळ राहिलं. जितकी कमी राखली तितकी घडी विस्कटली. जिथे छप्पर उडालं तिथे पिसशेवाळांचा गालिचा विरळ झाला, सावलीतल्या बारक्या यकृतका मागे हटल्या आणि उघड्या मातीवर झटपट येणाऱ्या, झटपट बीजाणू उधळून जाणाऱ्या जाती वाढल्या. त्यामुळे नुसती जातींची संख्या मोजणारा फसू शकतो. जुने भाडेकरू जाताहेत आणि नवे येताहेत अशा वेळी वाड्यात माणसं तेवढीच दिसतात.

दहा टक्क्यांचा कूप शेवाळाच्या नजरेतून सरसकट तोडीचाच भाऊ. आपल्याला दहा हेक्टरवर उभी राहिलेली दहा टक्के झाडं बऱ्यापैकी जंगलासारखी दिसतात, फोटोत तर दिसतातच. शेवाळाला फोटो काढायचा नसतो. त्याला त्याच्या वीतभर जागेवर दुपारी दोन वाजता सावली हवी असते, आणि दहा टक्के झाडांची सावली त्या वीतभर जागेवरून दिवसातून थोडा वेळ सरकत जाते. रोजच्या धंद्यातल्या तोडीत राखलेल्या झाडांचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी याहूनही कमी असतं. स्वीडन-फिनलंडमध्ये ते शेकडा एक आकडी आहे. ती झाडं पक्ष्यांना, भुंगेऱ्यांना उपयोगी पडत असतील. जमिनीवरच्या गालिच्यासाठी ती राखली असं कुणी म्हणू नये.

उन्हाइतकंच नुकसान तोडीनंतर जे उगवतं त्याने केलं. अॅस्पेन हे तिथलं मुख्य पानझडी झाड. तो तोडला की त्याच्या मुळांवरून धुमारे फुटतात, पहिल्या काही वर्षांत हेक्टरी हजारोंच्या संख्येने. पाच-सात वर्षांत माणसाच्या डोक्यावर झाडी. सावली परत आली म्हणायची! पण ही सावली दर शरदात पानं ढाळते. स्प्रूसची सुई गालिच्यातून खाली घरंगळते. अॅस्पेनचं पान थाळीसारखं सपाट, ते गालिच्यावर बसतं, पावसाने चिकटतं, बर्फाखाली दाबलं जातं. वसंतात त्याखालच्या शेवाळाला उजेड नाही. दुसरी करामत कॅलामॅग्रोस्टिस नावाच्या उंच गवताची. छप्पर उघडलं की हे गवत पसरतं आणि दर हिवाळ्यात त्याचा वाळका भारा आडवा होऊन जमिनीवर गादी घालतो. म्हणजे शेवाळ आधी उन्हाने पोळतं आणि मग पाल्याखाली गुदमरतं. ‘सावलीचे टक्के’ मोजणाऱ्या यंत्राला ही दुसरी गोष्ट दिसतच नाही.

पानझडी जंगलाचं कोडं

अॅस्पेनच्या पानझडी जंगलात तोडीने शेवाळाला फारसा फरक पडला नाही. पहिल्यांदा वाचताना वाटतं, वा, हे जंगल भलतंच चिवट. तसं नाही. तिथे गमवायला गालिचाच नव्हता. वर सांगितलेली थाळीसारखी पानं तिथे दरवर्षी पडतच होती. जमिनीवर शेवाळ टिकत नव्हतं, जे होतं ते पडलेल्या ओंडक्यांवर, बुंध्यांच्या तळाशी, पानं घसरून जातील अशा उंचवट्यांवर. तोडीने त्यात बदल कमी, कारण तिथली मंडळी आधीच गाळून राहिलेली.

यावरून धोरण ठरवणाऱ्याने ‘पानझडीत काहीही करा’ असा अर्थ काढला तर तो आळशीपणा होईल. त्या ओंडक्यांचं काय, ही गोष्ट त्यात येतच नाही.

ओंडके

गालिचा हा या प्रकरणातला दिसणारा भाग. खरं नाजूक प्रकरण आहे ते कुजत्या लाकडावरच्या यकृतकांचं. सेफालोझिया, लोफोझिया असल्या वंशांतल्या कित्येक जाती इतक्या बारीक, की ओंडक्यावर हिरवट छटा आहे एवढंच नुसत्या डोळ्याला कळतं. त्यांना नख रुतेल इतकं मऊ, स्पंजासारखं भिजलेलं लाकूड लागतं. ताजा पडलेला ओंडका त्यांच्या कामाचा नाही. त्यावर सालीवर आधी टिलिडियम पुल्केरिममसारखी काटक, सुकणं सोसणारी यकृतका येते. मग साल सुटते, लाकूड मऊ होतं, वरून पिसशेवाळ चाल करून येतं आणि या दोन राजवटींच्या मधल्या अवकाशात बारक्या यकृतका आपला संसार उरकतात. ओंडका शेवटी गालिच्याखाली गडप होतो, तोवर शेजारी दुसरा तयार असावा लागतो.

अशी पुरवठ्याची साखळी डोळ्यांसमोर आणली की तोडीचा अर्थ बदलतो. तोड आजचा ओंडका उचलून नेत नाही. उद्या, तीस वर्षांनी, साठ वर्षांनी जो पडणार होता तो नेते. आजचे ओंडके जागेवर राहतात, उन्हात कोरडे पडतात, त्यांवरची वस्ती आटते. आणि नवे पडत नाहीत.

उत्तर स्वीडनमध्ये क्रिस्टोफर हायलँडर आणि सहकाऱ्यांनी जंगलातल्या ओढ्यांकाठी केलेल्या कामाने याला चांगली जोड दिली. तिथे ओढ्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर झाडं राखायची आणि पलीकडे सगळं तोडायचं अशी रीत तपासली. राखलेल्या पट्ट्यात शेवाळाची स्थिती सरसकट तोडीपेक्षा बरी आणि अखंड जंगलापेक्षा वाईट निघाली. मला जास्त आवडला तो त्यांचा पुढचा मुद्दा: शेवाळ कुठल्या आकाराच्या जागेवर बसलंय यावर त्याचं नशीब ठरतं. धोंड्याच्या पाठीवर, ओंडक्याच्या माथ्यावर, बुंध्याच्या फुगवट्यावर, म्हणजे जिथून पाणी निथळून जातं तिथे, ते दहा मीटरच्या पट्ट्यातही हरलं. खोलगटात, ओल्या मातीवर, ओढ्याच्या कडेला तगलं. एकाच जातीची दोन घरं, मधे हातभर अंतर, एक वाचलं आणि एक गेलं. तोडीनंतर काही दशकांनी पुन्हा उभ्या राहिलेल्या ओढ्याकाठच्या जंगलांतही मॉस बऱ्यापैकी परतलेलं आढळलं, यकृतका मागे राहिल्या होत्या.

क्लिअर हिल्सलाही हा ओलीचा धागा मिळाला. विमानातून लेसर मारून जमिनीचे चढउतार मोजायचे आणि त्यावरून भूजल किती खोल असेल त्याचा नकाशा काढायचा, असं तंत्र अल्बर्टात रुळलंय. बार्टेल्स आणि मंडळींनी शेवाळाच्या नोंदी या नकाशावर ठेवून पाहिल्या. शेवाळाचं आणि पाण्याच्या खोलीचं नातं दिसलं. म्हणजे ‘पन्नास टक्के राखली’ हे वाक्य अर्धंच. टेकाडावर पन्नास की खोलगटात पन्नास, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

मातीतलं बियाणं

गेलेलं शेवाळ मातीतून परत येणार नाही का? केनर्स यांनी या अंगानेही पाहिलं. मातीत बीजाणू, कळ्या, पानांचे तुकडे असं शेवाळाचं सुप्त बियाणं साठलेलं असतं. माती आणून ओलसर उजेडात ठेवली की ते उगवतं. अडचण अशी की या साठ्यात भरणा पोहलियासारख्या झटपट्यांचा. उघडी माती दिसली की धावणाऱ्यांचं बियाणं भरपूर, आणि जुन्या जंगलातल्या यकृतकांचं नगण्य. त्यांना परतायचं तर बाहेरून, जवळच्या जिवंत वस्तीतूनच यावं लागणार. मग ती वीस गुंठ्यांची आणि सव्वा एकराची बेटं डोळ्यांत भरतात. तरी अर्ध्या एकराच्या बेटाला कडाच जास्त. ऊन आणि वारा चहूबाजूंनी काही मीटर आत शिरला की मधे खऱ्या सावलीचं अंगण उरतं ते केवढं?

वणव्याची नक्कल?

ईमेंडच्या नावातच नक्कल आहे, तर तपासू. वणवा गालिचा जाळतो, कुठे कुठे खनिज माती उघडी पाडतो, राख टाकतो आणि जळकी खोडं उभी सोडतो. त्या राखेवर येणारी पहिली मंडळी म्हणजे सेरॅटोडॉन, मार्केंशिया आणि आपल्या आकृतीवहीतली फ्युनारिया. क्लिअर हिल्सच्या हिवाळी तोडीने उलटं केलं. गालिचा जागेवर ठेवला, खोडं नेली. वणव्यानंतर पुढच्या काही दशकांत जळकी खोडं एकेक करून पडतात, ओंडक्यांचा पूर येतो. तोडीनंतर दुष्काळ. झाडांची उरलेली टक्केवारी सारखी दिसली, तरी जमिनीवर बसलेल्याला ही दोन वेगवेगळी संकटं आहेत. नक्कल वरच्या मजल्याची झाली, तळमजल्याची नाही.

वनीकरणवाल्यांची बाजूही खोटी नाही. स्प्रूसचं बी जाड गालिच्यात पडलं तर वरचा थर वाळतो तसं कोवळं रोप मरतं. ते उघड्या मातीवर किंवा कुजक्या ओंडक्यावर चांगलं रुजतं. म्हणून लागवडीआधी यंत्राने गालिचा खरवडायची पद्धत आहे. ज्याचं पोट स्प्रूसवर आहे त्याला शेवाळ हा अडथळा, आणि ते त्याच्या जागी बरोबर. माझा आक्षेप एवढाच, की मग ‘आम्ही जंगलाचा तळ राखतो’ असं त्याने म्हणू नये.

या प्रयोगाकडे मी आकडे घ्यायला गेलो होतो. पन्नास टक्के पुरतात की पंचाहत्तर लागतात, असा सरळ भाव हवा होता. हाती आलं ते वेगळं. समजा एखाद्या तोडवाल्याकडे फक्त वीस टक्के राखायची मुभा आहे. ती त्याने दहा हेक्टरभर सारखी विखुरली तर शेवाळाच्या पदरात जवळपास काही पडत नाही. तीच झाडं खोलगटातल्या ओल्या जागेभोवती, जुन्या ओंडक्यांच्या डोक्यावर, एका गठ्ठ्यात राखली तर निदान एक घर वाचण्याची शक्यता. विखुरलेल्या झाडांचे आपले फायदे आहेत, ते मला नाकारायचे नाहीत. पण हिशेबाच्या वहीत दोन्हीकडे वीसच लिहिलं जातं.

कमी झाडं राखलेल्या कुपांत पहिल्या काही वर्षांतच वाऱ्याने बरीच झाडं पाडली. राखलेली झाडं पडली म्हणजे राखण्याचा हेतू फसला, असं झाडं मोजणाऱ्याला वाटणार. ओंडका मोजणाऱ्याला तो आगाऊ पुरवठा वाटेल. पडलेल्या स्प्रूसची साल सुटायला, लाकूड नख रुतण्याइतकं मऊ व्हायला काही दशकं जातात. तोवर त्याच्या डोक्यावर अॅस्पेन असेल की स्प्रूस, आणि गालिच्याच्या जागी गवत असेल की हायलोकोमियमच्या पायऱ्या, ते प्रयोगाच्या उरलेल्या साठ-सत्तर वर्षांत कुणीतरी गुडघ्यांवर बसून मोजेल.